स्टेकिंगची पावती गहाण ठेवून पुन्हा स्टेकिंग: बाबांचे पैसे यात असावेत का?

मेघना_वारजे

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, आज स्वतःची अडचण घेऊन आलेय.

बाबा दोन वर्षांपूर्वी पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. ग्रॅच्युइटीतले ३ लाख त्यांनी माझ्या धाकट्या भावाकडे दिले. भाऊ हिंजवडीत नोकरीला आहे आणि क्रिप्टोचा अभ्यास बराच आहे त्याचा. बाबांचे ३ लाख आणि उरलेले स्वतःचे घालून त्याने इथेरियम या क्रिप्टो नेटवर्कचं चलन, म्हणजे ईथर, २ घेतले. ते लिडो नावाच्या सेवेत स्टेक केले, म्हणजे मोबदल्यासाठी ठेवले, त्याबदल्यात एसटीईथ नावाचं टोकन मिळालं. इथपर्यंत मला समजलं. पुढे तो सांगतो की ते टोकन त्याने आवे नावाच्या ठिकाणी तारण ठेवलं, त्यावर कर्ज काढलं, त्या कर्जातून पुन्हा ईथर घेऊन स्टेक केले, ते परत तारण, परत कर्ज. असं तीन वेळा. "ताई, एकाच पैशावर चारदा व्याज" हे त्याचं वाक्य.

बाबांकडे ठेवींची एक जुनी वही आहे. बँक, रक्कम, दर, मुदत असे रकाने पट्टीने आखलेले. परवा सहज उघडली तर शेवटच्या ओळीत त्यांनी "ईथर" लिहिलंय, दरापुढे "३ टक्के + ?" आणि मुदतीचा रकाना कोरा. तो कोरा रकाना बघितल्यापासून मला स्वस्थता नाही.

भाऊ फसवणारा नाही, त्याचे स्वतःचे पैसेही त्यात आहेत. मला भांडण नकोय, समजून घ्यायचंय. हे व्याज येतं कुठून? आणि या तीन मजल्यांत धोका नेमका कुठल्या मजल्यावर आहे?

कात्रजचा_घाट

वाचतोय. मलाही हेच विचारायचं होतं.

विनायक_सदाशिव

ताई, पैसे आजच्या आज काढा.

पुण्याने हे एकदा बघितलेलं आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत महिना १० टक्के, १८ महिने, असं आश्वासन होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली तेव्हा आमच्या पेठेतल्या चार घरांतली माणसं तक्रार द्यायला रांगेत होती. त्यात डॉक्टर होते, प्राध्यापक होते. पुढे त्याच तपासात मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच २०२२ मध्ये पोलिसांनी अटक केली, कारण जप्त वॉलेटमधलं चलन त्यांनी स्वतःकडे वळवल्याचा आरोप होता. तेव्हापासून क्रिप्टो आणि व्याज हे दोन शब्द एका वाक्यात आले की मी खिसा धरतो.

ओम_औंध

विनायककाका, तुमचा राग योग्य आहे, पण इथे दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत पडतायत. मेघनाताईंनी प्रश्न बरोबर विचारलाय: व्याज येतं कुठून? गेनबिटकॉइनमध्ये त्याचं उत्तर "पुढच्या माणसाच्या खिशातून" असं होतं. स्टेकिंगमध्ये उत्तर वेगळं आहे.

इथेरियमवरचे व्यवहार तपासून ब्लॉकमध्ये, म्हणजे हिशेबाच्या पुढच्या पानावर, बसवायचं काम व्हॅलिडेटर करतात. आधी हे काम मायनिंगने, म्हणजे संगणकांच्या आकडेमोडीच्या शर्यतीने व्हायचं. १५ सप्टेंबर २०२२ ला ते बदललं. आपल्याकडे दुपारचे सव्वाबारा झाले होते, मी ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा न उघडता मोबाइलकडे बघत बसलो होतो. आता व्हॅलिडेटर व्हायचं तर ३२ ईथर अनामत ठेवावे लागतात. काम नीट केलं की नेटवर्क नवे ईथर तयार करून मोबदला देतं, शिवाय व्यवहार करणाऱ्यांनी दिलेल्या फीमधला वाटा मिळतो. लबाडी केली, म्हणजे एकाच जागेसाठी दोन वेगवेगळ्या ब्लॉकवर सही केली, तर अनामतीतून कापतात आणि बाहेर काढतात. त्याला स्लॅशिंग म्हणतात. हा मोबदला सध्या वर्षाला ३ टक्क्यांच्या आसपास आहे, तोही ईथरमध्ये. रुपयात किती होतील हे भावावर.

माझ्या घरी असा एक व्हॅलिडेटर चालतो. ३२ ईथर माझ्याकडे नाहीत, रॉकेट पूल नावाच्या सामायिक सेवेतून ८ माझे आणि बाकीचे इतरांचे. चपलांच्या कपाटावरच्या फळीत एक छोटा संगणक, त्यात ४ टीबीची एसएसडी, राउटरपर्यंत एक निळी वायर. पंख्याचा आवाज इतका बारीक की रात्री सगळं शांत झाल्यावरच ऐकू येतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की इन्व्हर्टर साडेतीन तास ओढतो. त्याहून जास्त वेळ गेली तर यंत्र बंद पडतं आणि तेवढ्या वेळात जे मिळालं असतं साधारण तेवढंच गमवावं लागतं. बंद पडण्याची शिक्षा किरकोळ असते, लबाडीची मोठी.

म्हणजे पहिला मजला खरा आहे. तिथे काम होतं आणि कामाचा मोबदला मिळतो.

कात्रजचा_घाट

मग ओमदादा, ३२ ईथर नसणाऱ्याने लिडोत ठेवायचे, एवढाच लिडोचा उपयोग?

ओम_औंध

दोन उपयोग. एक म्हणजे थोडे पैसे असले तरी चालतात. दुसरा म्हणजे पैसे अडकून पडत नाहीत. स्टेकिंगची साखळी १ डिसेंबर २०२० ला सुरू झाली, पण ठेवलेले ईथर परत काढायची सोय एप्रिल २०२३ पर्यंत नव्हतीच. लिडो त्याच डिसेंबरात आलं आणि म्हणालं, तुमचे ईथर आम्ही व्हॅलिडेटरांकडे लावतो, तुम्ही हे एसटीईथ घ्या आणि हवं तेव्हा बाजारात विका. मोबदल्यातले १० टक्के ते कापून घेतात. लिक्विड स्टेकिंग म्हणतात ते हेच.

सांगलीची_हळद

ओमराव, यातलं पावतीचं प्रकरण मी सांगू का? आमच्या घरात तीन पिढ्या हेच चाललंय.

मी मूळचा सांगलीचा, वडिलांपासून मार्केट यार्डात मसाल्याचा व्यापार. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं असायची. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद अशी कोठी. हळद आत भरली की तोंड बंद, वर माती. आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही, वर्षानुवर्षं माल टिकायचा. आजोबा सांगायचे की पेव न उघडताच सौदे व्हायचे. माल जमिनीतच, कागद या हातातून त्या हातात. पेव उघडायला मजूर लागतात, आतला कोंदलेला वायू जाऊ द्यायला वेळ लागतो, म्हणून कागदाचाच बाजार. तुमचं एसटीईथ म्हणजे मला तोच कागद वाटतो.

तारणाचंही तसंच. इथे गुलटेकडीला पणन मंडळाचं कार्यालय आहे. त्यांची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सोयाबीन, तूर, हळद बाजार समितीच्या गोदामात ठेवायची आणि किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज उचलायचं, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजाने. काढणीच्या वेळी भाव पडलेला असतो, शेतकऱ्याला थांबता यावं म्हणून. फार चांगली योजना आहे. पण मेघनाताई, त्या कर्जातून पुन्हा तूर विकत घेऊन तीच पुन्हा गोदामात आणून ठेवणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही. तसं कोणी केलं तर आम्ही त्याला शेतकरी म्हणणार नाही, सटोडिया म्हणू.

आणि २००५ चा महापूर. पेवांत पाणी शिरलं. पावत्या आमच्या कपाटात कोरड्या होत्या, हळद खाली कुजून गेली. वडील ती पावती हातात घेऊन दोन दिवस बोलले नाहीत. कागद कितीही फिरवा, माल कुठल्या जमिनीत आहे ते बघून ठेवावं लागतं.

शर्वरी_डेक्कन

हळदकाका, अंगावर काटा आला वाचून.

विनायक_सदाशिव

ओम, तुझं म्हणणं समजलं. पहिला मजला खरा असेल, मान्य. पण मग पावतीचा भाव मालाइतकाच राहतो याची हमी कोण देतं?

ओम_औंध

कोणीच देत नाही काका, आणि हाच खरा प्रश्न आहे. २०२२ च्या मे महिन्यात टेरा-लुना ही क्रिप्टो चलनांची जोडी कोसळली. तिथे अँकर नावाच्या ठिकाणी डॉलरच्या नावाने चालणाऱ्या टोकनवर २० टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होतं आणि त्यामागे कुठलंही पुरेसं काम नव्हतं. (हे तुमच्या पिशवीतलं, मान्य.) त्याची झळ जूनमध्ये सगळीकडे पोचली. १२ जूनला सेल्सिअस या क्रिप्टोवर व्याज देणाऱ्या कंपनीने ग्राहकांचे पैसे काढणं थांबवलं. थ्री ॲरोज कॅपिटल हा क्रिप्टो फंड बुडाला. या मोठ्या लोकांकडे एसटीईथचे ढीग होते आणि नेमके असेच मजले रचलेले होते. सगळे एकदम विकायला आले. तेव्हा मूळ ईथर काढायची सोय नव्हती, त्यामुळे बाजारात विकणं हाच एक मार्ग. एका एसटीईथला ०.९४ ईथर मिळू लागले.

लक्षात घ्या, माल शाबूत होता. पेवात पाणी शिरलं नव्हतं. फक्त पेव उघडता येत नव्हतं आणि कागद विकणाऱ्यांची झुंबड होती. ज्यांनी नुसतं धरून ठेवलं त्यांचं ईथरच्या हिशेबात काहीच गेलं नाही, पुढे भाव परत जुळला. ज्यांच्यावर कर्ज होतं त्यांना थांबता आलं नाही.

आता काढायची सोय आहे, पण रांग असते. एका वेळी किती व्हॅलिडेटर बाहेर पडू शकतात याला मर्यादा आहे. २०२५ च्या सप्टेंबरात ही रांग ४० दिवसांवर गेली होती.

चंदननगर_११०१४

क्रिप्टोवर एवढी शंका घेताना बँका म्हणजे अगदी अभेद्य असं सगळे धरून चाललेत. आमच्या मामांची आयुष्याची कमाई शहरातल्या एका सहकारी बँकेत वर्षानुवर्षं अडकून पडली होती. मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन त्यापायी लांबलं. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा १ लाख होती, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. निदान ब्लॉकचेनवर हिशेब उघडा असतो, कुणालाही बघता येतो. आमच्या मामांना संचालक मंडळाने कुणाला किती कर्ज वाटलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

विनायक_सदाशिव

चंदननगर, तुमच्या मामांबद्दल वाईट वाटलं. खरोखर. पण ५ लाखांचा तो विमा तरी आहे. इथे ठेवलेल्याला दाद मागायला कुठलं दार आहे ते सांगा.

चंदननगर_११०१४

ते दार नाही, मान्य करतो. मी स्वतः यात पगाराच्या ५ टक्क्यांहून जास्त कधी घालत नाही. माझं म्हणणं इतकंच की भीती दोन्हीकडे सारखी तपासून घ्या.

राहुल_एनआयबीएम

रांग, भाव या सगळ्याच्या आधी एक धोका आहे, तो माझ्यावर गुदरला म्हणून सांगतो. मी रात्री दीड वाजता मोबाइलवर सर्च करून वरचीच लिंक उघडली. पान हुबेहूब, रंग तेच, बटण त्याच जागी. वॉलेट जोडलं, "अप्रूव्ह" दाबलं. मला वाटलं मी स्टेक करतोय. प्रत्यक्षात मी समोरच्या अनोळखी पत्त्याला माझी टोकनं कितीही, केव्हाही उचलायची परवानगी देत होतो. सकाळी दात घासताना बघितलं तर शिल्लक शून्य. चोरीचा व्यवहार जगाला दिसतोय, तो पत्ताही दिसतोय, आणि करता काहीच येत नाही.

मेघना, भावाला विचार की परवानग्या किती रकमेच्या दिल्यात. न लागणाऱ्या परवानग्या रद्द करता येतात. आणि पत्ता सर्चमधून कधीच उघडायचा नाही, बुकमार्कमधूनच.

शर्वरी_डेक्कन

थोडं अवांतर वाटेल, पण मेघनासाठी लिहितेय.

माझा मावसभाऊ दोन वर्षांपूर्वी गाडीच्या अपघातात गेला. वय चौतीस. स्टेकिंगचे पैसे आहेत हे वहिनीला माहीत होतं, कारण तो दर रविवारी चहाबरोबर आकडा सांगायचा. वॉलेट उघडायला लागणारे ते बारा शब्द कुठे लिहिलेत हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही पुस्तकं झटकली, देवघराचे कप्पे काढले, त्याच्या शाळेच्या वह्यासुद्धा चाळल्या. वॉलेटचा पत्ता सापडला. त्यात पैसे अजून दिसतात. मोबदला रोज त्यात जमा होतोय. वहिनी अजूनही कधीकधी तो आकडा उघडून बघते.

बँकेत नॉमिनी असतो, मृत्यूचा दाखला नेला की फाइल हलते. इथे ते बारा किंवा चोवीस शब्द हेच सगळं. तुझ्या भावाला काही झालं तर बाबांचे पैसे कोण काढणार, हे आधी विचार.

कात्रजचा_घाट

शर्वरीताई, माझेही शब्द फक्त मोबाइलमधल्या फोटोत आहेत. आत्ता उठून कागदावर लिहितो.

शर्वरी_डेक्कन

लिही, आणि तो फोटो काढून टाक. दोन प्रती कर, दोन वेगळ्या घरांत ठेव. स्टीलच्या पट्टीवर ठोकून घेतलेले मिळतात, पाण्याने जात नाहीत. आणि बायकोला दाखवून ठेव रे.

ताळेबंद

मी कर सल्लागार आहे, कर्वे रोडला ऑफिस. एवढ्या चर्चेत आयकराचा शब्दही आला नाही म्हणून लिहिते.

१ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर, वर सेस. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ११५बीबीएच. यात वजावट फक्त खरेदी किमतीची. कर्जावरचं व्याज, नेटवर्कची फी, काहीही वजा होत नाही. एका टोकनचा तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातून वळता करता येत नाही, पुढच्या वर्षी नेता येत नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. आणि एक टोकन देऊन दुसरं घेणं हेसुद्धा हस्तांतरणच. लोकांना वाटतं रुपये खात्यात आले की मगच कर. तसं नाही.

स्टेकिंगच्या मोबदल्याबद्दल आम्ही बहुतेक सीए सावध बाजू धरतो: मिळाला त्या दिवशीच्या भावाने इतर उत्पन्न, आणि पुढे विकताना त्यावरच्या नफ्याला ३० टक्के.

मेघना, तीन मजले चढताना जितक्या वेळा अदलाबदल झाली तितक्या नोंदी विवरणपत्राच्या व्हीडीए (आभासी मालमत्ता) शेड्यूलमध्ये यायला हव्यात. भावाकडे यादी आहे का? आणि बाबांचे ३ लाख भावाला भेट दिलेत, उसने दिलेत, की बाबांच्या वतीने गुंतवलेत? नफा कुणाच्या पॅनवर दाखवायचा ते त्यावर ठरेल. साध्या कागदावर का होईना, लिहून ठेवा.

ओम_औंध

ताई, हे फार कामाचं लिहिलंत.

मेघनाताई, आता तुमच्या तीन मजल्यांचा हिशेब मांडतो. २ ईथरची पावती तारण, त्यावर दरवेळी ७० टक्के कर्ज. पहिल्यांदा १.४, मग ०.९८, मग ०.६८६. एकूण तारण ५.०६६ ईथरचं, कर्ज ३.०६६ ईथर किमतीचं. स्वतःचे तेवढेच, २.

स्टेकिंगचे ३ टक्के ५.०६६ वर म्हणजे वर्षाला ०.१५२ ईथर. कर्जाचा दर २.५ टक्के असेल तर ०.०७७ जाणार, उरले ०.०७५. स्वतःच्या २ ईथरवर हे पावणेचार टक्के. नुसतं ठेवलं असतं तरी ३ टक्के मिळालेच असते. म्हणजे एवढी कसरत पाऊण टक्क्यासाठी. आणि कर्जाचा दर आवेवर स्थिर नसतो, मागणीप्रमाणे वरखाली होतो. तो ३.५ झाला की हातात सव्वादोन टक्के, नुसतं ठेवण्यापेक्षाही कमी. "चारदा व्याज" हे अर्धंच वाक्य आहे, तीनदा व्याज भरावंही लागतं.

पण हे सगळं कर्ज ईथरमध्ये घेतलं असं धरून. म्हणून एक गोष्ट भावाला जरूर विचारा: कर्ज ईथरमध्ये आहे की डॉलरमध्ये? उत्तरावर सगळं बदलतं.

सांगलीची_हळद

बरोबर. देणं कशात आहे हा पहिला प्रश्न. हळदीवर कर्ज घेतलं आणि फेड हळदीतच असेल तर भाव पडो की चढो, दोन्ही बाजू बरोबर हलतात. फेड रुपयात असेल तर भाव पडला की सावकार दारात.

मेघना_वारजे

उशीर झाला, माफ करा. काल रात्री भावाला घरी जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर टेबलावर लॅपटॉप, एका बाजूला बाबांची वही. भांडण झालं नाही. तुमच्यामुळे कुठले प्रश्न विचारायचे ते माहीत होतं.

ओम, कर्ज डॉलरमध्ये आहे. यूएसडीसी, म्हणजे डॉलरच्या भावाने चालणारं टोकन. त्याने यूएसडीसी उचलून त्याचे ईथर घेतले, ते स्टेक केले. दर सध्या ५ टक्क्यांच्या आसपास दिसतोय. स्क्रीनवर "हेल्थ फॅक्टर १.२१" असं पिवळ्या अक्षरात होतं. सुरुवातीला १.३२ होता म्हणाला. १ च्या खाली गेला की काय होतं, असं बाबांनी विचारलं आणि भाऊ जरा वेळ गप्प बसला.

ओम_औंध

मग हे व्याजाचं प्रकरण उरलंच नाही.

मगाचेच आकडे घ्या. मिळकत ०.१५२ ईथर. डॉलर कर्जावर ५ टक्के म्हणजे ३.०६६ चे ०.१५३. तीन मजले चढून हातात शून्य. त्याऐवजी तुम्ही स्वतःच्या २ ईथरवर ५ ईथरची भावाची जोखीम घेऊन बसलात.

हेल्थ फॅक्टर म्हणजे तारणाची किंमत गुणिले ठरलेली मर्यादा, भागिले कर्ज. १.३२ वरून १.२१ म्हणजे ईथरचा भाव सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास उतरलाय. पण डॉलरचं कर्ज उतरलेलं नाही. आज सगळं मोडलं तर २ ईथरचे साधारण १.७२ उरतील. इथून भाव आणखी साडेसतरा टक्के पडला तर १ च्या खाली. मग कोणीही तुमचं कर्ज फेडून तुमचं तारण सवलतीत उचलू शकतं, त्याची वाट बघणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, चोवीस तास बसलेले असतात. फोन येत नाही, नोटीस येत नाही. ईथर एवढं पडायला कधीकधी एक आठवडासुद्धा लागत नाही.

ताळेबंद

आणि ती जप्ती म्हणजेही हस्तांतरण. त्यातल्या एखाद्या हिश्शावर नफा निघाला तर त्यावर ३० टक्के, भरलेल्या व्याजाची वजावट शून्य.

विनायक_सदाशिव

मेघना, भावाला रागावू नकोस. त्याला इथे यायला सांग.

वारजे_धाकटा

नमस्कार. मीच तो भाऊ. ताईने धागा पाठवला, दोनदा वाचला.

खरं सांगतो, मला दोन्ही कर्जांमधला फरक माहीत होता. डॉलरचा पर्याय घेतला कारण तेव्हा भाव रोज चढत होता आणि वर जाताना हे सगळं अडीचपट दिसतं. बाबांना मी फक्त व्याज सांगितलं, कर्ज हा शब्द वापरला नाही. ते चुकलं. बाबा काल झोपायला जाताना एवढंच म्हणाले, "अरे, मी सत्तेचाळीस वर्षांत उधार घेतलं नाही." मला रात्रभर झोप नाही.

मी सगळं मोडायचं ठरवलंय. कसं मोडू ते सांगा. पोझिशन आर्बिट्रमवर, म्हणजे इथेरियमला जोडलेल्या कमी फीच्या नेटवर्कवर आहे.

ओम_औंध

तू आलास हे फार बरं केलंस. आर्बिट्रमवर आहे म्हणजे फी काही रुपयांत भागेल. पण तिथून लिडोच्या रांगेत थेट उभं राहता येत नाही, त्यामुळे बाजारातच विकावं लागेल. एकदम तारण काढू नकोस. थोडं रॅप्ड एसटीईथ (एसटीईथचंच तिथलं रूप) काढ, त्याचे यूएसडीसी कर, कर्ज फेड. हेल्थ फॅक्टर वर जाईल, मग पुढचा हिस्सा मोठा घे. पहिल्या फेरीत फॅक्टर १.१ च्या खाली जाऊ देऊ नकोस. दर फेरीआधी अदलाबदलीत किती मिळणार तो आकडा वाचून मगच सही कर. हवं तर शनिवारी कॉलवर बसू. स्क्रीन तू चालव, मला शब्द किंवा पासवर्ड काहीही दाखवायचा नाही.

राहुल_एनआयबीएम

आणि शेवटी परवानग्या रद्द कर. विसरू नकोस.

वारजे_धाकटा

शनिवारी सकाळी अकराला चालेल.

मेघना_वारजे

दोन आठवड्यांनी लिहितेय.

शनिवारी पाच फेऱ्यांत सगळं मोडलं. दर फेरीनंतर बाबा वहीत आकडा लिहीत होते. शेवटच्या फेरीला "कर्ज ०" असं आलं तेव्हा त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्या. हातात १.७ ईथर उरले, एसटीईथच्या रूपात. भावाने स्वतःहून तोटा स्वतःच्या वाट्याला घेतला. बाबांचे ३ लाख तो तीन हप्त्यांत परत करणार होता, पण बाबांनी २ लाखच घेतले. उरलेले १ लाख त्यांनी विचारपूर्वक स्टेकिंगमध्येच ठेवलेत, कर्जाशिवाय. "काम करून मिळतंय ना, मग राहू दे," म्हणाले. हार्डवेअर वॉलेट घेतलंय. शब्द दोन कागदांवर, एक इथे आणि एक आत्याकडे नारायण पेठेत. शर्वरीताई, आत्याला समजावून सांगितलंय.

ताळेबंदताई, व्यवहारांची यादी काढलीय, एकोणीस नोंदी निघाल्या. सोमवारी कर्वे रोडला येतो.

वहीतला मुदतीचा रकाना आता कोरा नाही. तिथे "रांग असेल तर ४० दिवसही" असं लिहिलंय.

आणि ओम, बाबा विचारतायत की ते यंत्र प्रत्यक्ष बघता येईल का. आयुष्यभर मशीनवर काम केलंय त्यांनी, आपले पैसे ज्या कामावर लागलेत ते दिसतं कसं, एवढंच त्यांना बघायचंय.

ओम_औंध

काकांना नक्की घेऊन या. चपलांच्या कपाटाशी खुर्ची मांडून ठेवतो. गुरुवार सोडून कधीही.